रिकाम्या खुर्च्यांनी मंजूर केलेला कायदा : मोरिल जकातीचं प्रकरण, १८५७ ते १८६१

२० फेब्रुवारी १८६१ रोजी अमेरिकेच्या सिनेटमध्ये आयात जकातीच्या एका विधेयकावर मतदान झालं. बाजूने २५, विरोधात १४. कॅपिटॉलच्या इमारतीवरचा नवा लोखंडी घुमट तेव्हा अर्धाच चढला होता आणि आत सभागृहातल्या बऱ्याच खुर्च्या रिकाम्या होत्या. दक्षिण कॅरोलायना, मिसिसिपी, फ्लोरिडा, अलाबामा, जॉर्जिया आणि लुइझियाना या सहा राज्यांचे बारा सिनेटर कुणी राजीनामा देऊन, कुणी निरोपाचं भाषण करून घरी गेले होते. ती बारा मतं विरोधात धरली तर बेरीज होते २६. विधेयक एका मताने पडलं असतं.

अमेरिकी यादवीचा विषय निघाला की कुणीतरी हमखास सांगतं, "खरं भांडण जकातीचं होतं, गुलामगिरी हे नंतर लावलेलं लेबल." ही समजूत नवी नाही. युद्ध सुरू असतानाच इंग्लंडमधल्या वर्तमानपत्रांतून ती फिरत होती, कारण तिथल्या लोखंड आणि कापडाच्या व्यापाऱ्यांना या कायद्याचा थेट फटका बसला होता. मी हे प्रकरण तपशिलात मांडतो आहे ते एवढ्यासाठी की तारखा आणि हजेरीपट ओळीने वाचले, तर ही समजूत म्हणजे आधी कळस आणि मग पाया आहे. या कायद्यामुळे राज्यं फुटली नाहीत. राज्यं फुटली म्हणून हा कायदा होऊ शकला. पण म्हणून जकातीचा वाद पोकळ होता असंही नाही. तो खरा होता, जुना होता, आणि त्याने एक निवडणूक फिरवायला हातभार लावला.

तिजोरी एकाच नळावर

त्या काळी अमेरिकेच्या केंद्र सरकारला प्राप्तिकर माहीत नव्हता. उत्पन्नाचा सुमारे नव्वद टक्के भाग बंदरांवर वसूल होणाऱ्या आयात जकातीतून यायचा, उरलेला बहुतेक सरकारी जमिनींच्या विक्रीतून. त्यामुळे जकातीचं प्रत्येक विधेयक हे एकाच वेळी अर्थसंकल्पही असायचं आणि उद्योगधोरणही. पेनसिल्व्हेनियाच्या भट्टीवाल्याला बाहेरचं लोखंड महाग हवं असायचं. दक्षिणेतल्या मळेवाल्याला ते स्वस्त हवं असायचं, कारण तो कापूस जगभर विकायचा आणि लागणारा माल बाहेरून घ्यायचा. १८६० मध्ये अमेरिकेच्या एकूण निर्यातीत निम्म्याहून जास्त वाटा एकट्या कापसाचा होता. तो वेचणारी माणसं गुलाम होती; देशात एकूण गुलाम होते जवळजवळ चाळीस लाख.

या ओढाताणीचा पहिला मोठा स्फोट १८३२ मध्ये झाला होता. १८२८ च्या चढ्या दरांना दक्षिणेत 'किळसवाणी जकात' असं नाव पडलं होतं. दक्षिण कॅरोलायनाने नोव्हेंबर १८३२ मध्ये हे कायदे आपल्या हद्दीत रद्दबातल ठरवले, अध्यक्ष जॅक्सन यांनी सैन्याची भाषा केली आणि अखेर हेन्री क्ले यांच्या १८३३ च्या तडजोडीने दर टप्प्याटप्प्याने खाली आले. यादवीचं कारण जकातीत शोधणारे लोक बहुधा याच प्रसंगाकडे बोट दाखवतात. प्रसंग खरा आहे. पण त्याला मध्ये अठ्ठावीस वर्षं लोटली, आणि त्या वर्षांत दर चढले कमी, उतरले जास्त. १८४२ मध्ये ते वर गेले, १८४६ मध्ये खाली आले आणि १८५७ मध्ये आणखी खाली.

१८५७ चा कायदा नीट पाहायला हवा. तिजोरीत गरजेपेक्षा जास्त पैसा साठत होता म्हणून दर कापले गेले. लोखंडावरची जकात ३० टक्क्यांवरून २४ टक्क्यांवर आली. पौंडाला वीस सेंटांपेक्षा स्वस्त कच्ची लोकर पूर्ण माफ झाली, आणि हे मॅसॅच्युसेट्सच्या गिरणीवाल्यांना हवंच होतं. त्यामुळे मतदानात उत्तरेतलं मॅसॅच्युसेट्स आणि दक्षिण कॅरोलायना एकाच बाजूला बसले. सिनेटमध्ये हा कायदा पुढे नेणारे होते व्हर्जिनियाचे रॉबर्ट हंटर, अर्थ समितीचे अध्यक्ष. हे नाव लक्षात ठेवा, शेवटी ते पुन्हा येणार आहे.

कायद्यावर सही झाली ३ मार्च १८५७ रोजी. ऑगस्टमध्ये ओहायोतल्या एका मोठ्या विमा आणि ठेव कंपनीचं दिवाळं निघालं आणि देशभर मंदी पसरली. आयात आटली. जकातीचं उत्पन्न एका वर्षात सुमारे ६ कोटी ४० लाख डॉलरवरून ४ कोटी २० लाखांवर घसरलं. शिल्लक उधळायची कशी या चिंतेत असलेलं सरकार दोन वर्षांत कर्ज काढून दिवस ढकलू लागलं.

टनामागे सहा डॉलर

अध्यक्ष ब्यूकॅनन डेमोक्रॅट होते, दक्षिणेचे मित्र म्हणून ओळखले जायचे, पण होते पेनसिल्व्हेनियाचे. डिसेंबर १८५८ च्या संदेशात त्यांनी काँग्रेसला जकात सुधारायला सांगितलं आणि एक तांत्रिक मुद्दा पुढे केला: जकात किमतीच्या शेकड्याने घेऊ नका, वजनावर किंवा नगावर ठरीव रकमेने घ्या.

यातली ग्यानबाची मेख कागदावर हिशेब मांडला की दिसते. समजा, बंदरात उतरलेल्या कच्च्या लोखंडाची किंमत टनाला २० डॉलर आहे. तीस टक्क्यांनी जकात होते ६ डॉलर. आता मंदी आली, किंमत १५ वर आली, आणि दरही २४ टक्के झाला. जकात उरली ३ डॉलर ६० सेंट. देशी भट्टीवाल्याला आधाराची गरज सर्वांत जास्त असते तेव्हाच आधार चाळीस टक्क्यांनी घटतो, आणि सरकारचीही झोळी त्याच वेळी रिकामी होते. त्यात बीजकाची भानगड वेगळीच. शेकड्याची जकात बीजकावरच्या किमतीवर लागते आणि ते बीजक लिव्हरपूलमध्ये मालकाचाच माणूस लिहितो. किंमत कमी लिहिली की जकात कमी. टनामागे सरळ सहा डॉलर घेतले तर बीजकाकडे पाहायचंच कारण उरत नाही, माल तोलला की झालं.

या मागणीला शब्द दिले ते व्हरमाँटच्या जस्टिन मोरिल यांनी. लोहाराचा मुलगा, शाळा लवकर सुटलेली, गावात दुकान चालवून पैसा केलेला आणि पंचेचाळिशीच्या आसपास राजकारणात आलेला हा माणूस. व्हरमाँट मेंढ्यांचा मुलूख, त्यामुळे लोकरीचा भाव त्यांना तोंडपाठ. (१८६२ मध्ये सरकारी जमिनी देऊन शेती महाविद्यालयं काढण्याचा कायदा झाला तोही याच मोरिल यांचा. पुढे भारतात राज्य कृषी विद्यापीठं उभी राहिली ती त्याच धर्तीवर. राहुरीच्या विद्यापीठाच्या आवारात उभं राहून मला हे आठवतं तेव्हा एका माणसाच्या कामाचे दोन धागे इतके वेगळे कसे गेले याचं नवल वाटतं.) त्यांच्या पाठीशी सल्लागार होते फिलाडेल्फियाचे अर्थचिंतक हेन्री केरी, संरक्षक जकातीचे त्या काळातले सर्वांत मोठे पुरस्कर्ते. महाराष्ट्राला केरी अनोळखी नाहीत. न्यायमूर्ती रानड्यांनी १८९२ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात भारतीय अर्थशास्त्रावर व्याख्यान दिलं, त्यात हॅमिल्टन आणि केरी या अमेरिकनांचा आधार घेतला आहे.

मोरिल यांच्या अंतिम कायद्यात कच्च्या लोखंडावर टनाला ६ डॉलर, रेल्वेच्या रुळांवर १२ आणि लोखंडी कांबीवर १५ डॉलर लागले. लोकरी कापडावर तर दुहेरी बोजा: पौंडाला १२ सेंट आणि वर किमतीच्या २५ टक्के. मोरिल आपले दर १८४६ च्या पातळीवर परत नेण्याचे आहेत असं सांगत. प्रत्यक्षात ते बऱ्याच वस्तूंवर त्याहून वर गेले. मला हे लपवायचं नाही. दक्षिणेने या विधेयकावर डोळे वटारले त्याला आधार होता.

चव्वेचाळीस फेऱ्या

विधेयक हाऊसमध्ये, म्हणजे काँग्रेसच्या कनिष्ठ सभागृहात, येण्याआधी हाऊस चालू व्हायला हवं होतं, आणि तेच होत नव्हतं.

५ डिसेंबर १८५९ ला अधिवेशन भरलं. तीनच दिवस आधी जॉन ब्राउनला फाशी झाली होती. हार्पर्स फेरीच्या शस्त्रागारावर छापा घालून गुलामांचा उठाव घडवू पाहणारा हा माणूस उत्तरेत काहींना हुतात्मा वाटत होता आणि दक्षिणेत तो घराघरातल्या भीतीचं नाव झाला होता. अशा हवेत सभापती निवडायचा होता. रिपब्लिकन सर्वांत मोठा पक्ष होता, पण त्याला बहुमत नव्हतं. त्यांचे उमेदवार ओहायोचे जॉन शर्मन. मिसुरीच्या एका सदस्याने ठराव आणला की हिंटन हेल्पर यांच्या गुलामगिरीविरोधी पुस्तकाची शिफारस करणारा कुणीही सभापतिपदाला लायक नाही. शर्मन यांचं नाव त्या शिफारशीवर होतं.

आठ आठवडे दुसरं काम झालं नाही. सदस्य शस्त्रं बाळगून येत. ज्यांच्याजवळ एक पिस्तूल आणि एक सुरा नाही, त्यांच्याजवळ दोन पिस्तुलं आहेत, अशा आशयाचं वाक्य दक्षिण कॅरोलायनाचे सिनेटर हॅमंड यांनी त्या दिवसांत लिहून ठेवलं आहे. शेवटी शर्मन यांनी माघार घेतली आणि १ फेब्रुवारी १८६० रोजी, चव्वेचाळिसाव्या फेरीत, न्यू जर्सीचे विल्यम पेनिंग्टन निवडून आले. पहिल्यांदाच हाऊसमध्ये आलेले, कुणाशी वैर नसलेले गृहस्थ. गुलाम बाळगणाऱ्या मेरीलँडचे हेन्री विंटर डेव्हिस यांनी त्यांना मत दिलं म्हणून त्यांच्याच राज्याच्या विधानसभेने डेव्हिस यांच्या निषेधाचा ठराव केला.

हा सगळा गोंधळ जकातीसाठी नव्हता. चव्वेचाळीस फेऱ्यांत कुणी लोखंडाच्या दरावरून कुणाला अडवलं नाही. अडवलं ते एका पुस्तकावरून, आणि त्या पुस्तकाचा विषय गुलामगिरी होता. पण निकालाचा फायदा जकातीला झाला. पेनिंग्टन उद्योगप्रधान राज्याचे, आणि हरलेल्या शर्मन यांना मिळालं अर्थ समितीचं अध्यक्षपद. मोरिल याच समितीत होते. १२ मार्चला विधेयक मांडलं गेलं आणि १० मे १८६० रोजी १०५ विरुद्ध ६४ मतांनी हाऊसमध्ये मंजूर झालं. रिपब्लिकन जवळजवळ एकमताने बाजूने होते. गुलाम राज्यांतून पाठिंबा अगदी मूठभर.

हंटर यांची कुलपाची किल्ली

आता सिनेट. तिथे डेमोक्रॅटांचं बहुमत होतं आणि अर्थ समितीच्या अध्यक्षपदी तेच हंटर, १८५७ च्या कायद्याचे कर्ते. आपल्याच हाताने लावलेलं झाड ते तोडू देणार नव्हते. जूनमध्ये सिनेटने विधेयक पुढच्या सत्रावर ढकललं.

कामकाजाच्या नियमांची ओळख नसलेल्याला हे साधं लांबणीवर टाकणं वाटेल. ते तसं नव्हतं. अमेरिकेत एका काँग्रेसची मुदत दोन वर्षांची. त्या मुदतीतल्या दोन सत्रांमध्ये विधेयक जिवंत राहतं, पण मुदत संपली की मरतं आणि पुन्हा हाऊसपासून सुरुवात करावी लागते. छत्तिसाव्या काँग्रेसची मुदत ४ मार्च १८६१ ला संपत होती. दुसरं सत्र डिसेंबर ते मार्च, जेमतेम तीन महिन्यांचं. हंटर यांना विधेयक हरवायची गरजच नव्हती, घड्याळ चालू ठेवलं की पुरे होतं. अशा लढाईत पाडणाऱ्याला एकच गोष्ट लागते: दिवस संपेपर्यंत आपली माणसं जागेवर असणं.

दरम्यान मे महिन्यात शिकागोत रिपब्लिकन अधिवेशन भरलं. जाहीरनाम्याचं बारावं कलम जकातीचं होतं आणि ते फार जपून लिहिलेलं होतं: सरकारचा खर्च आयात जकातीतून भागवताना दर असे ठेवावेत की साऱ्या देशाच्या उद्योगांना चालना मिळावी. ते वाचलं गेलं तेव्हा पेनसिल्व्हेनियाच्या प्रतिनिधींनी सभागृह दणाणून सोडलं. या राज्याची निवडमंडळात २७ मतं होती आणि १८५६ मध्ये ती ब्यूकॅनन यांना गेली होती. तिथे 'रिपब्लिकन' हे नावही जड जात होतं, पक्ष 'पीपल्स पार्टी' म्हणून लढत होता. भट्ट्या विझलेल्या गावांत गुलामगिरीच्या विस्ताराइतकाच लोखंडाचा भाव ऐकला जाई. लिंकन यांनी ऑक्टोबर १८५९ च्या एका खासगी पत्रात स्वतःला हेन्री क्लेंच्या वळणाचा जुना जकातवादी म्हटलं होतं, पण त्या वेळी हा प्रश्न उकरून काढू नये असंही सुचवलं होतं. निवडणुकीत त्यांनी या विषयावर मौन पाळलं. मोरिल यांचं अडकलेलं विधेयकच त्यांच्या वतीने बोलत होतं. हंटर यांनी ते अडवून पेनसिल्व्हेनियात रिपब्लिकनांना प्रचाराचा आयता मुद्दा दिला, असं माझं मत आहे.

मिलेजव्हिलच्या दोन रात्री

६ नोव्हेंबरला लिंकन निवडून आले. त्यानंतरच्या आठवड्यात जॉर्जियाच्या तेव्हाच्या राजधानीत, मिलेजव्हिलमध्ये, दोन जुने मित्र एकामागोमाग एक बोलले. या प्रकरणातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा पुरावा हा आहे, कारण दोघेही दक्षिणेचे, दोघेही गुलामगिरीचे समर्थक, आणि जकातीवर त्यांचं एकमेकांविरुद्ध बोलणं नोंदलेलं आहे.

१३ नोव्हेंबरला सिनेटर रॉबर्ट टूम्ब्ज बोलले. फुटायलाच हवं, असा त्यांचा सूर. मोरिल विधेयकाबद्दल ते कडाडले की उत्तरेतले संरक्षणवादी आणि गुलामगिरीविरोधी एक झाले आहेत, दरोडेखोर आणि आग लावणारा यांनी हातमिळवणी करून दक्षिणेवर धाड घातली आहे. जकातीला यादवीचं कारण मानणाऱ्यांना याहून चांगलं वाक्य सापडणार नाही.

दुसऱ्या रात्री अलेक्झांडर स्टीफन्स उठले. अंगाने अगदी काटकुळे, आजारी, पण बुद्धी तलवारीसारखी. त्यांनी टूम्ब्ज यांचा मुद्दा त्यांच्याच तोंडावर मोडून काढला. जकातीचं भांडण मिटलं आहे, ते म्हणाले. आजचा कायदा मॅसॅच्युसेट्स आणि दक्षिण कॅरोलायना या दोघांनीही मतं देऊन केला, सिंह आणि कोकरू एकाच जागी बसले, आणि माझ्या सन्माननीय मित्रानेही त्या कायद्यालाच मत दिलं होतं. मग त्यांनी आकडे मोजले. लिंकन सम्राट नाहीत. हाऊसमध्ये बहुमत त्यांच्या विरोधात आहे, सिनेटमध्येही चार मतांनी विरोधात आहे. सिनेटच्या संमतीशिवाय ते मंत्रीसुद्धा नेमू शकत नाहीत. मग घाई कसली?

स्टीफन्स यांची बेरीज बरोबर होती, पण ती एका अटीवर उभी होती: दक्षिणेचे सिनेटर जागेवर राहतील. ती अट महिन्याभरात सुटायला लागली. २० डिसेंबरला दक्षिण कॅरोलायना बाहेर पडली. तिने चार दिवसांनी प्रसिद्ध केलेल्या कारणांच्या जाहीरनाम्यात जकातीचा शब्द नाही. त्यात पळून गेलेले गुलाम परत न देण्याची तक्रार आहे, गुलामगिरीला शत्रू मानणारा माणूस अध्यक्ष झाल्याची तक्रार आहे. त्याच सभेने इतर गुलाम राज्यांना पाठवलेल्या, रॉबर्ट बार्नवेल ऱ्हेट यांच्या पत्रकात मात्र करांचा भार आणि १७७६ ची तुलना ठासून आहे. म्हणजे मुद्दा त्यांच्याकडे होता, तो कुठे ठेवायचा हे त्यांनीच ठरवलं. मिसिसिपीने तर आपली भूमिका गुलामगिरीच्या संस्थेशी पूर्णपणे एकरूप आहे असं सुरुवातीलाच लिहून टाकलं. जॉर्जियाचा जाहीरनामा, ज्याचं लेखन टूम्ब्ज यांच्याकडे दिलं जातं, जकातीचा इतिहास सांगतो आणि १८४६ मध्ये तो वाद आपल्या बाजूने सुटला असं म्हणून गुलामगिरीकडे वळतो. नोव्हेंबरच्या व्यासपीठावरचा दरोडेखोर जानेवारीच्या दस्तऐवजात उरला नाही.

फेब्रुवारी

२१ जानेवारीला मिसिसिपीचे जेफरसन डेव्हिस आणि अलाबामा, फ्लोरिडाचे सिनेटर एकाच दिवशी निरोप घेऊन गेले. ४ फेब्रुवारीला लुइझियानाचे दोघे. हंटर यांचं घड्याळ चालू होतं, पण त्याला किल्ली देणारे हात निघून गेले होते. २० फेब्रुवारीच्या मतदानात २४ रिपब्लिकन आणि पेनसिल्व्हेनियाचे एकटे डेमोक्रॅट विल्यम बिगलर बाजूने होते. विरोधात उरलेल्या दक्षिणेतले दहा आणि इतर चार डेमोक्रॅट. आणखी बारा जणांनी मत दिलं नाही, त्यातही पाच दक्षिणेचे होते.

जाणारे थांबले असते तर विधेयक नक्की पडलं असतं का? लुइझियानाच्या ऊसमळेवाल्यांना साखरेवरची जकात प्रिय होती, त्यांच्याशी सौदा झाला असता असं कुणी म्हणेल. शक्य आहे. पण हंटर यांना मतांनी जिंकायचंच नव्हतं, त्यांना ४ मार्चपर्यंत पोचायचं होतं, आणि भरलेल्या बाकांसह दोन आठवडे काढणं त्यांना सहज जमलं असतं.

२ मार्चला ब्यूकॅनन यांनी सही केली. या कायद्याचं अधिकृत नाव वाचण्यासारखं आहे. त्यात आधी येतात थकलेल्या सरकारी हुंड्यांची फेड आणि नवं कर्ज, आणि त्यानंतर कुठे आयात जकात. हे नाव म्हणजे त्या दिवसांच्या तिजोरीचा फोटोच. ब्यूकॅनन यांचे अर्थमंत्री, जॉर्जियाचे हॉवेल कॉब, डिसेंबरातच राजीनामा देऊन गेले होते आणि सरकारला अल्प मुदतीच्या हुंड्यांवर दहा-बारा टक्के व्याज मोजावं लागत होतं. डेमोक्रॅट अध्यक्षाने रिपब्लिकन जकातीवर सही केली त्यात पेनसिल्व्हेनियाचं प्रेम होतं, तशी ही नडही होती.

याच हिवाळ्यात देश वाचवण्यासाठी काय काय देऊ केलं गेलं तेही याच्या शेजारी ठेवून पाहायला हवं. केंटकीचे क्रिटेंडन यांनी डिसेंबरमध्ये घटनेत सहा दुरुस्त्या सुचवल्या, सहाही गुलामगिरीबद्दल. फेब्रुवारीत वॉशिंग्टनमध्ये शांतता परिषद भरली, तिच्या प्रस्तावांचा गाभाही तोच. अधिवेशनाच्या शेवटच्या दिवसांत दोन्ही सभागृहांनी दोन-तृतीयांश मतांनी एक दुरुस्ती मंजूर केली: राज्यांमधल्या गुलामगिरीला काँग्रेस कधीही हात लावू शकणार नाही. म्हणजे ज्या सभागृहाने जकात वाढवली त्यानेच त्याच सुमारास गुलामगिरीला कायमचं अभय देऊ केलं. घर फुटताना माणूस समोरच्याला जे हवं आहे तेच देऊ करतो. जकात कमी करतो, राहा, असं कुणी म्हटलं नाही, कारण तशी मागणी समोरून येत नव्हती.

एप्रिलचे दोन दर

जकात खऱ्या अर्थाने महत्त्वाची ठरली ती फूट पडल्यानंतर. दक्षिणेच्या नव्या संघाने तात्पुरते १८५७ चेच दर ठेवले आणि ११ मार्चच्या घटनेत उद्योगांना पोसण्यासाठी जकात लावायलाच बंदी केली. मोरिलचे दर १ एप्रिलपासून लागू झाले. एकाच किनाऱ्यावर दोन भाव. अमेरिकेच्या जकातीतला सुमारे दोन-तृतीयांश भाग एकट्या न्यूयॉर्कमध्ये गोळा व्हायचा, आणि तिथल्या व्यापाऱ्यांना धसका बसला की माल चार्ल्स्टन आणि न्यू ऑर्लिन्सला उतरेल आणि मागच्या दाराने उत्तरेत येईल. कालपर्यंत दक्षिणेशी जुळवून घ्या म्हणणारे यांतले काही जण मार्च संपता संपता कडक झाले.

लिंकन यांचं या विषयावरचं बोलणं साधं होतं. शपथविधीला जाताना १५ फेब्रुवारीला ते पिट्सबर्गमध्ये, लोखंडाच्या गावात, थांबले. जकात हा देशाच्या घरखर्चाचा प्रश्न आहे, ते म्हणाले, घरातला पिठाचा डबा पुन्हा भरावा लागतो तसा. तपशिलांबद्दल आपलं मत अजून पक्कं झालेलं नाही हेही त्यांनी तिथेच कबूल केलं. ४ मार्चच्या भाषणात जकात वसूल करत राहू असं त्यांनी सांगितलं, आणि १२ एप्रिलला चार्ल्स्टनच्या बंदरात सम्टर किल्ल्यावर तोफा सुरू झाल्या. डबा भरायला मोरिलची जकात पुरणारच नव्हती. ऑगस्टमध्ये चहा, कॉफी, साखरेवर वाढीव जकात आली आणि ८०० डॉलरांच्या वरच्या उत्पन्नावर तीन टक्के प्राप्तिकर, देशाच्या इतिहासातला पहिला.

लंडनच्या वृत्तपत्रांनी 'हे जकातीचं युद्ध' असा सूर लावला तेव्हा तारखांचा उलटा क्रम दाखवून देणाऱ्यांत कार्ल मार्क्सही होते, ऑक्टोबर १८६१ मध्ये व्हिएन्नाच्या एका दैनिकात. आपल्याकडे हे युद्ध दोन वाटांनी पोचलं. दक्षिणेचा कापूस थांबल्यामुळे मुंबईत कापसाला सोन्याचा भाव आला, शेअरबाजार फुगला आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच फुटला. दुसरी वाट पुण्याची. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. मुंबईच्या व्यापाऱ्याने या युद्धात कापसाचा भाव पाहिला, फुल्यांनी माणूस पाहिला. बारा वर्षांनंतर, हजारो मैलांवरून, त्यांना ते बरोबर दिसलं होतं.

टूम्ब्ज दक्षिणेचे पहिले परराष्ट्रमंत्री झाले. स्टीफन्स उपाध्यक्ष झाले आणि मार्च १८६१ मध्ये सव्हानात त्यांनीच सांगितलं की नव्या सरकारचा कोनशिलेचा दगड म्हणजे काळा माणूस गोऱ्याच्या बरोबरीचा नाही हे तत्त्व. टूम्ब्ज यांच्या जागी पुढे हंटर आले.

३ फेब्रुवारी १८६५ रोजी व्हर्जिनियाच्या हॅम्प्टन रोड्समध्ये एका वाफेच्या बोटीवर स्टीफन्स, हंटर आणि कॅम्बेल हे दक्षिणेचे तिघे लिंकन आणि त्यांचे परराष्ट्रमंत्री सेवर्ड यांच्यासमोर बसले. गुलामगिरी नष्ट करणारी तेरावी दुरुस्ती तीन दिवसांपूर्वी हाऊसने मंजूर केली होती, ती बातमी सेवर्ड यांनी दिली. जकातीचे दर तोवर मोरिलच्याही कितीतरी वर गेले होते. त्या बैठकीची जी हकिकत मागे राहिली आहे तिच्यात हंटर यांची काळजी नोंदलेली आहे, आणि ती दरांची नाही. मुकादमाच्या धाकाखालीच काम करायची सवय लागलेले हे लोक एकाएकी मोकळे झाले तर काम कोण करणार, असं त्यांनी विचारलं.